चार जिनसांचा ड्रायव्हर

गोल्फमध्ये चेंडू सगळ्यांत लांब मारायची जी काठी असते तिला ड्रायव्हर म्हणतात. हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं तोवर माझं बरं चाललं होतं.

आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते. मी तिथे गेली बावीस वर्षं ड्रॉइंग खात्यात बसून पंपांच्या भागांची ड्रॉइंगं काढतो. अशा माणसाला कोणी उन्हात नेऊन त्याच्या हातात काठी द्यावी, असं काही कारण नव्हतं. पण आमच्या मोठ्या साहेबांना गोल्फचा नाद, आणि आपल्याला आहे तो नाद इतरांनाही असावा असा आग्रह. त्यांनी वार्षिक सामने सुरू केले आणि प्रत्येक खात्याने एक माणूस पाठवावा असं फर्मान काढलं. आमच्या खात्यात सातजण आहेत. सहाजणांना तत्काळ सबबी सुचल्या. आयत्या वेळी सबब न सुचणं हा माझा जुना दोष आहे.

त्या दिवशी काय झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण बाकीच्यांनी ते सविस्तर सांगून झालेलं आहे. मी काठी मागे नेली, जोरात फिरवली आणि ती माझ्या हातातून सुटली. सुटली ती हवेत दोन गिरक्या घेऊन चाळीस पावलांवर गवतात उभी रुतली. चेंडू होता तिथेच होता. खरेदी खात्यात एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना गोडबोले म्हणतात, पण ते त्यांचं आडनाव नव्हे, स्वभाव आहे. ते शांतपणे म्हणाले, "ड्रॉइंग खात्याची काठी छान गेली."

हसू ओसरायला बराच वेळ लागला. चहाच्या टेबलापाशी मी ती काठी परत हातात घेऊन पाहत होतो. माणसाचा पाणउतारा झाला की तो एकतर घरी जातो, नाहीतर तांत्रिक बोलायला लागतो. मी दुसरं केलं. गोडबोल्यांना म्हटलं, "हिचं डोकं बघा. सगळं एकाच धातूचं. चेंडू तोंडाने मारायचा, मग टाळूला एवढं जड कशाला हवं? टाळू हलकी करा, वाचलेलं वजन खाली आणि मागे न्या, तोंडाचा पत्रा पातळ पण कडक घ्या. चेंडू आपोआप जाईल. यापेक्षा बरी काठी मी घरी बनवीन."

गोडबोले नुसते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले. तेव्हाच मला समजायला हवं होतं. मागून मोठे साहेब म्हणाले, "बनवा की. पुढच्या वर्षी पहिला फटका तुमचा. तुमच्याच काठीने."

टाळू हलकी करण्याचा हा शोध जगात बऱ्याच जणांनी आधीच लावलेला आहे, हे मला पुढे कळलं. शोध लावणाऱ्याने ही माहिती जरा उशिराच घ्यावी. आधी कळली तर उत्साह राहत नाही.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, "मी ड्रायव्हर करणार आहे."

"आधी गाडी घ्या," ती म्हणाली.

मी समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे काठी सुटली ती तुमच्या हातातून, आणि बदलायची काठी?" लग्नाला चोवीस वर्षं झाली की माणसं फार थोडक्यात बोलायला लागतात.

आता डोक्याच्या चार जिनसा. तोंडाला कडक पोलादाचा पातळ पत्रा, तळाला पितळ, आतला सांगाडा लाकडाचा, आणि टाळूला कार्बनचं कापड. हे कापड दिसायला काळ्या तागाच्या गोणीसारखं असतं, पण राळेत भिजवून वाळवलं की वजनाला पत्त्यासारखं आणि ताकदीला लोखंडासारखं होतं. लाकूड आमच्या जुन्या स्टुलाच्या बैठकीतून निघालं. बायकोचं म्हणणं, ते स्टूल जुनं नव्हतं. पितळ आणि पोलाद कारखान्याच्या भंगारात मिळालं, पण ते फाटकाबाहेर काढायला गेटपास लागतो. गेटपासावर 'परत आणणार' किंवा 'परत न आणणार' यांपैकी एकावर खूण करायची असते. मी 'न आणणार'वर खूण केली तर पहारेकऱ्याने विचारलं, का नाही आणणार. 'आणणार'वर केली तर म्हणाला, मग नेताय कशाला. शेवटी त्याने स्वतःच्या मनाने 'तळहाताएवढा पत्रा, दुरुस्तीसाठी' असं लिहिलं. कोणाच्या दुरुस्तीसाठी, ते लिहिलं नाही. मला वाटतं माझ्याच.

राहिलं कार्बन. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक ताई कृत्रिम पाय बनवतात. पन्नाशीच्या आहेत, बोलणं कमी, हातात कायम कानस. इमारतीत त्यांना पायवाल्या ताई म्हणतात आणि पहिल्या मजल्यावर दवाखाना असलेल्या दंतवैद्यांना दातवाले. मीही यांच्या रांगेत पंपवाला म्हणून बसतो. मी कापडाचे तुकडे मागायला गेलो तेव्हा ताई एका पावलाचा स्क्रू पिळत होत्या.

"कशाला हवेत?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी सांगितलं. त्या थांबल्या. "पोलादाला कार्बन जोडणार? कसं?"

"चिकटवून."

"टिकणार नाही." त्यांनी हातातलं पाऊल माझ्यापुढे धरलं. "हे बघा. पाऊल कार्बनचं, घोट्याचा सांधा धातूचा. तीन महिन्यांत खिळखिळं होऊन परत येतं. माणूस चालतो म्हणजे दिवसाला हजारो दणके. तुमचा तर एकच दणका, पण केवढा."

तरीही त्यांनी तुकडे दिले, राळ दिली, वर दांड्यासाठी अॅल्युमिनियमची एक नळी दिली. ही नळी नडगीच्या जागी बसवतात. म्हणजे माझ्या ड्रायव्हरचा दांडा हा खरं तर कोणाचातरी गुडघ्याखालचा पाय होता. हे मी घरी सांगितलं नाही.

पहिलं डोकं मी तीन आठवड्यांत बनवलं. दिसायला ते एखाद्या चेंगरलेल्या वांग्यासारखं होतं, पण बापाला आपलं मूल जसं दिसतं तसंच मला ते दिसलं. प्रश्न आला, मारून बघायचं कुठे. गच्चीवर. गच्चीसाठी सेक्रेटरींची परवानगी लागते. आमचे सेक्रेटरी म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासल्यामुळे त्यांचा कोणावरच विश्वास उरलेला नाही. त्यांनी छापील अर्ज पुढे केला. त्यात गच्चीच्या वापराची तीनच कारणं होती: कपडे वाळवणे, टाकी साफ करणे, अँटेना दुरुस्त करणे.

"इतर म्हणून काही नाही का?" मी विचारलं.

"इतर ठेवलं की लोक इतर कामं करतात," ते म्हणाले.

मी 'कपडे वाळवणे'वर खूण केली. त्यांनी सही केली आणि बजावलं, "मग कपडे दिसले पाहिजेत. मी बघायला येणार."

त्यामुळे दर रविवारी सकाळी मी ड्रायव्हर, चेंडू आणि एक ओला शर्ट घेऊन गच्चीवर जाऊ लागलो. बायकोच्या हे लक्षात आल्यावर तिने दुसऱ्या रविवारपासून घरातलं सगळंच धुणं माझ्याबरोबर द्यायला सुरुवात केली. दातवाल्यांच्या पत्नीने विचारलं, "भाऊजी वर चाललेच आहेत तर आमच्या दोन चादरी..." असं करता करता शोध लावायला मला अर्धा तास मिळायचा आणि चिमटे लावायला दीड.

पहिला खरा फटका मी त्या चादरींच्या दिशेने मारला, म्हणजे चेंडू त्यात अडकावा. आवाज असा झाला की खालून बायकोने विचारलं, "कोणतं पातेलं पडलं?" चेंडू चादरीत अडकला, हे योजल्याप्रमाणे झालं. टाळू मात्र डोक्यापासून सुटून डब्याच्या झाकणासारखी उडाली, वाळत घालायच्या दोरीच्या गाठीवर बसली, गाठ सुटली आणि दोन कुटुंबांचं आठवड्याचं धुणं एका रांगेत कठड्यावरून खाली गेलं. खाली सेक्रेटरी आपली स्कूटर पुसत होते. ते वर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर माझाच पायजमा होता. त्यांनी तो काढूनही टाकला नव्हता. पुरावा म्हणून तसाच आणला होता.

मला वाटलं, आता संपलं. पण त्यांनी ते उघडं पडलेलं डोकं हातात घेतलं, एका बोटावर तोललं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे एका अंगाला जड आहे," ते म्हणाले. "चला."

त्यांच्या घरी कपाटात, मखमलीच्या पेटीत, त्यांचा नोकरीतला तराजू होता. निवृत्त होताना खात्याने भेट दिलेला. एका बाजूला अकरा ग्रॅम जास्त निघाले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कोणी आपण होऊन काही तपासायला आणलं नव्हतं. पुढचे दोन तास ते मला कानशीने पितळ घासायला लावत होते आणि दर पाच मिनिटांनी परत तोलत होते. अर्ध्या ग्रॅमवर आल्यावर त्यांनी वहीत नोंद करून मला सही करायला लावली. पायजमाही तेव्हाच परत दिला.

आता टाळू कशी टिकवायची एवढंच उरलं. मी दातवाल्यांना गाठलं. त्यांना सगळं सांगताना 'टाळू' शब्द उच्चारला मात्र, ते ताठ बसले. "टाळू माझ्या विषयात येते," ते म्हणाले. मी म्हटलं, ही वेगळी, डोक्याची टाळू. त्यांनी ते ऐकलं नाही. त्यांच्याकडे दातावर टोपी बसवायचं एक द्रव्य होतं, नव्वद सेकंदांत दगड होणारं. त्यांनी दुपारी रोगी नसताना मला दवाखान्यात बोलावलं, एका काचेवर द्रव्य कालवलं, मी टाळू धरली, त्यांनी डोकं धरलं, दोघांनी मिळून दाबलं. त्यांनी नव्वद मोजले.

"सोडा," ते म्हणाले.

"तुम्ही सोडा."

"मी सोडलंय."

मीही सोडलं होतं. माझा उजवा अंगठा आणि त्यांचा डावा अंगठा, दोन्ही त्या सांध्यात बसले होते. द्रव्य मात्र खरोखर उत्तम होतं. हे सोडवायचं औषध त्यांच्याकडे नव्हतं. "दातावरची टोपी परत काढायची म्हणून कोणी बसवत नाही," असं त्यांचं म्हणणं पडलं. औषध असलं तर पायवाल्या ताईंकडे. म्हणून आम्ही दोन प्रौढ माणसं मध्ये एक वांगं धरून जिना उतरू लागलो. वळणावर दवाखान्यात येणारा एक रोगी भेटला. दाढ धरून वर चढत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, दातवाल्यांकडे पाहिलं, आणि दाढ बरी झाल्यासारखा उलटा खाली गेला.

ताईंच्या दाराला कुलूप. जेवायला गेलेल्या. आम्ही पाऊण तास पायरीवर बसलो. माणसं इतकी जवळ बसली की मनातलं बोलतात. दातवाले म्हणाले की तीस वर्षं ते लोकांच्या तोंडात बघत आले, पण कोणी तोंड मिटल्यावर त्यांच्याशी बोलायला थांबत नाही. मी म्हणालो, माझ्या ड्रॉइंगवर 'रचना' असा एक चौकोन असतो. त्यात बावीस वर्षांत एकदाही माझं नाव पडलेलं नाही, साहेबांचं पडतं. माझं नाव 'रेखाटन' या चौकोनात.

दातवाले त्या वांग्याकडे बघून म्हणाले, "खरं सांगू का, आम्ही दातावर टोपी नुसती चिकटवत नाही. आधी दात खरवडतो, मग खाच पाडतो, टोपी त्या खाचेत बसवतो. चिकटवणं शेवटी. नुसत्या चिकटवण्यावर विसंबलं की पहिल्या सुपारीला टोपी हातात येते."

"मग मगाशी हे का नाही केलंत?"

"तुम्ही सांगितलंत, चिकटवायचंय."

मला तिथेच, त्या पायरीवर, डोक्यात काहीतरी जागेवर बसल्यासारखं झालं. खाच ठीक. पण दणका? कार्बन वेगळा लवतो, पोलाद वेगळं. आमच्या पंपात असे दोन न जुळणारे भाग एकमेकांना जोडताना मध्ये रबराचा पातळ वॉशर घालतात. तो दणका खातो आणि दोघांनाही आपापल्या परीने हलू देतो. हे मी बावीस वर्षं रोज काढत होतो आणि काठीला लावायचं मात्र सुचलं नव्हतं. मी उठून उभा राहिलो. दातवाल्यांनाही उठावं लागलं.

ताई आल्या, आमच्याकडे बघून काही न विचारता कुलूप काढलं, बाटली आणली. सुटायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात मी त्यांना खाच आणि रबराचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून एकच म्हटलं, "बनवा. मग बघू."

दुसरं डोकं बनलं. पोलादाच्या कडेला आतून तिरकी खाच, खाचेत रबराची पट्टी, वर कार्बनची टाळू. सेक्रेटरींनी तोललं, बरोबर निघालं. गच्चीवर मारून बघितलं, टाळू हलली नाही. फक्त रबरामुळे आवाज गेला. पातेलं पडायचं ते आता पिठाची पिशवी ठेवल्यासारखं ठप्प व्हायला लागलं. मला तेव्हा तो फायदा वाटला.

सामन्याच्या आधी नवी काठी क्लबाकडून मंजूर करून घ्यावी लागते. तिथल्या कारकुनाने फॉर्म दिला. 'निर्मात्याचे नाव' इथे मी माझं लिहिलं. 'कारखान्याचा पत्ता' इथे घरचा. पुढे 'कशाची बनलेली' यासाठी एवढासा चौकोन.

"डोकं चार जिनसांचं आहे," मी रबर न मोजता म्हटलं.

"एकच लिहा."

"चार आहेत."

कारकुनाने खिडकीतून डोकं बाहेर काढून काठी बघितली. "मारणार कोणत्या भागाने?"

"तोंडाने. पोलादाच्या."

"मग पोलाद लिहा. बाकीचं तुमचं खाजगी." मग त्याने एक लोखंडी कडं आणलं. डोकं त्यातून पार जायला हवं. गेलं नाही. नखाएवढं अडलं. कारण मी शेवटच्या क्षणी शोभा म्हणून व्हार्निशचे दोन हात दिले होते. मी खिडकीखाली उकिडवा बसून सँडपेपरने ती शोभा घासून काढली. अडीच तास लागले. पाचला दोन मिनिटं कमी असताना शिक्का मिळाला.

सामन्याच्या सकाळी मी ड्रायव्हर घेऊन उभा राहिलो. सगळी कंपनी जमली होती. दातवाल्यांना दवाखाना होता, सेक्रेटरींना स्कूटर होती, पण पायवाल्या ताई आपण होऊन आल्या होत्या. मोठे साहेब गोडबोल्यांना काहीतरी सांगत होते, लोक कोंडाळं करून ऐकत होते. मी काठी घट्ट धरली, मागे नेली आणि मारली.

ठप्प.

चेंडू गेला. कसा गेला ते मी सांगू शकतो, कारण मी तो पाहिला. सरळ, उंच, मग आणखी उंच, आणि दूरच्या झाडांच्या रांगेपाशी एखादा तांदळाचा दाणा सांडावा तसा खाली. आयुष्यात मी हाताने केलेली एकही गोष्ट इतकी लांब गेलेली नाही. मी वळलो.

मोठे साहेब म्हणाले, "हं, मारा आता. आम्ही बघतोय."

मी म्हटलं, "मारला."

"कधी?"

"आत्ता."

त्यांनी चेंडू ठेवायला गवतात रोवलेल्या रिकाम्या खुंटीकडे बघितलं. गोडबोले म्हणाले, "चेंडू ठेवायचा राहिला वाटतं."

मी ताईंकडे धाव घेतली. "ताई, तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं," त्या म्हणाल्या. "अजिबात हलला नाही."

"चेंडू?"

"सांधा. चेंडू कुठे गेला ते मला माहीत नाही, भाऊ. मी सांध्याकडे बघत होते."

कारकुनाला बोलावलं गेलं. तो म्हणाला, झाडांपाशी चेंडू सापडला तर तो सापडलेला चेंडू. मारलेला आहे याचा पुरावा नाही. परत मारा. मी परत मारला. आता सगळे बघत होते, आणि सगळे बघत असले की माझं काय होतं हे एव्हाना वाचकांना माहीत आहे. काठी यावेळी हातातून सुटली नाही, हे मी नमूद करू इच्छितो. ती चेंडूच्या वरून गेली, तिच्या वाऱ्याने चेंडू खुंटीवरून खाली पडला आणि एक वीतभर घरंगळला. सामन्याच्या वहीत तेवढंच लागलं: एक वीत. मोठे साहेब पाठीवर थाप मारून म्हणाले, "गेल्या वर्षीपेक्षा प्रगती आहे." त्यांनी ते मनापासून म्हटलं, हे जास्त लागलं.

घरी येऊन मी दिवाणखान्यात दोन खिळे ठोकले आणि ड्रायव्हर भिंतीवर लावला. येईल त्याला तो पहिला फटका सांगू लागलो. तिसऱ्या दिवशी पायवाल्या ताई वर आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. "भाऊ, तो मला कापायला द्या."

"कापायला?"

"मधोमध. आत रबर कसं बसलंय ते बघायचंय. दणक्याने कुठे फाटलंय का, सरकलंय का. मला घोट्यासाठी हवं."

मी म्हटलं, दुसरा बनवून देतो. त्या म्हणाल्या, दुसऱ्याने असा दणका खाल्लेला नाही. मी म्हटलं, विचार करून सांगतो. त्या गेल्या आणि पुन्हा म्हणून विषय काढला नाही. आठ दिवस मी विचार केला, म्हणजे ड्रायव्हरकडे बघत बसलो. जगात त्या फटक्याचा साक्षीदार एक मी आणि एक तो. त्याला कापायचं म्हणजे मी एकटाच उरणार, आणि माझ्यावर कोण विश्वास ठेवतं ते मी बघितलंच होतं.

नवव्या दिवशी बायको म्हणाली, "तो भिंतीवर आहे तोवर येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही ती गोष्ट सांगणार, आणि मला प्रत्येकासाठी चहा करावा लागणार." मग ती म्हणाली, "आणि मी विश्वास ठेवते. चेंडू गेला असणार. नाहीतर तो द्यायला तुम्हाला आठ दिवस लागले नसते."

मी खिळ्यांवरून ड्रायव्हर काढला आणि खाली गेलो.

ताईंनी तो शिकंज्यात धरला. दातवाले रोगी थांबवून आले, सेक्रेटरी विजेरी घेऊन आले. करवत माझ्या हातात दिली, मी ती ताईंना परत दिली. दोन तुकडे झाले तेव्हा आत बघायला चौघांची डोकी एकमेकांवर आपटली. पोलाद, मग पेन्सिलीने ओढल्यासारखी रबराची काळी रेघ, मग कार्बन. कुठे चीर नाही, कुठे फट नाही. ताईंनी त्या रेघेवरून नख फिरवलं. "याचं मला नीट ड्रॉइंग काढून द्या," त्या म्हणाल्या, "घोट्याच्या मापाचं." मी काढून दिलं. ड्रॉइंगच्या खाली 'रचना' असा चौकोन ठेवला आणि त्यात आम्हा तिघांची नावं लिहिली. सेक्रेटरींना राग आला, म्हणून 'तपासले' या चौकोनात त्यांचं लिहिलं.

पुढचे चार महिने मी रविवारी गच्चीवर जायचं सोडून तळमजल्यावर जात होतो. धुणं वाळवायला आता बायको जाते, आणि त्याबद्दल अधूनमधून बोलते. रबर बदलून पाहिलं, खाच तिरकी केली, परत सरळ केली. एक पाऊल शेवटी जमलं. ते गेलं टपाल वाटणाऱ्या एका बाईंना. त्यांचा जुना सांधा दर तीन महिन्यांनी निखळायचा, म्हणून त्यांना आतल्या टेबलावर शिक्के मारायला बसवलं होतं. त्या पाऊल लावून गेल्या ते थेट सात महिन्यांनी तपासणीला येणार होत्या.

त्या येणार त्या दिवशी मी कामावरून लवकर निघालो. दाढी केली. त्या आभार मानतील तेव्हा काय म्हणायचं ते मी तीन दिवस ठरवत होतो. फार नम्र बोललं तर खोटं वाटतं, गप्प राहिलं तर शिष्टपणा. मी "त्यात काय एवढं" यावर येऊन थांबलो होतो, 'काय'वर किंचित जोर देऊन.

बाई आल्या. खांद्यावर टपालाची पिशवी होती, फुगलेली. ताईंनी गुडघ्यावर बसून सांधा हलवून बघितला, उजेडात धरला, पिळून बघितला. हलला नाही. "काही त्रास?" ताईंनी विचारलं.

"कसला?" बाई म्हणाल्या. त्यांना एकदम लक्षात आलं नाही. मग म्हणाल्या, "अच्छा, पायाचा. नाही."

ताईंनी माझ्याकडे बोट केलं. "या सांध्याची रचना यांची."

मी खुर्चीत सरसावून बसलो. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, पिशवीतून एक पाकीट काढलं आणि विचारलं, "चौथ्या मजल्यावर डावीकडे कोण राहतं हो? नाव अर्धंच आहे." मी सांगितलं. त्या निघाल्या. लिफ्ट बंद होती. त्यांनी ते पाहिलंही नाही. जिन्यावर त्यांच्या पावलांचा आवाज पहिल्या मजल्यावर गेला, दुसऱ्या, तिसऱ्या, न थांबता. ताई कानस हातात धरून तो ऐकत होत्या. "माणूस आपल्या पायाचं विसरला," त्या म्हणाल्या, "म्हणजे झालं काम."

घरी गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं, आणि तीन दिवस तयार केलेलं ते "त्यात काय एवढं" निदान तिला तरी म्हणून दाखवलं. 'काय'वर जोर देऊन.

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. "पुष्कळ आहे," ती म्हणाली.